वरच्या खोलीचं नेट

हे मी आजवर कुणाजवळ उच्चारलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही. अंजनगावला माझी बहीण आहे. तिला मी माझं सगळं सांगत आले, जे सांगू नये तेसुद्धा. पण हे तोंडाशी आलं की मी तिला विचारते, तुमच्याकडे नळ किती दिवसांनी येतो गं? आणि ती बिचारी नळाचं सांगत बसते.

तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित सांगता येईल. बघू.

आधीच सांगते, ऐकायला फार लहान गोष्ट आहे. यात कुणी मेलं नाही, पोलीस आले नाहीत, कुणी कुणावर हात उचलला नाही. एका घरातल्या वरच्या खोलीत काही महिने नेट नीट चालत नव्हतं—गोष्ट एवढीच. सांगितली तर लोक म्हणतील, यात काय सांगायचं? नेट सगळ्यांचंच जातं.

हो. जातं.

माझं नाव संध्या. अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं दोन मजल्यांचं घर आहे. खाली सासूबाई आणि आम्ही दोघं, वर माझा धाकटा दीर नितीन आणि त्याची बायको पल्लवी. मुलगी तेव्हा नागपूरला शिकायला होती. हे सरकारी कचेरीत, नितीन भाऊजी बियाण्यांच्या दुकानात. म्हणजे दिवसभर घरात आम्ही तिघी बाया.

लग्नाआधी मी अमरावतीला पॉलिटेक्निकमध्ये होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. वर्गात आम्ही चारच मुली—आणि सोल्डरिंगमध्ये माझा हात सगळ्यांत साफ होता, हे मी आजही कुणाला सांगत नाही, कारण विचारतं कोण? निकाल लागला आणि दोन महिन्यांत लग्न झालं. त्यानंतर माहेरच्या पत्त्यावर एक पत्र आलं. इथंच अकोल्यात, टेलिफोनची यंत्रं बसवणाऱ्या एका कंपनीत मला बोलावलं होतं. बाबा ते पत्र घेऊन अंजनगावहून एसटीने आले. शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं होतं, घामाने ओलं झालेलं. सासूबाईंनी त्यांना चहा दिला, पोहे दिले आणि म्हणाल्या, "नितीनची बारावी आहे यंदा. त्याचा डबा कोन करन?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी ह्यांच्याकडे. हे पोह्यांकडे.

मी नोकरी सोडली असं आमच्याकडे म्हणतात. मी सोडली नाही. मी ती घेतलीच नाही. दोन्हीत फरक आहे, पण तो घरात एकट्या मलाच कळतो.

हे सगळं कशासाठी सांगते आहे? तुम्हाला माझी कीव यावी म्हणून? तसं असेल तर थांबवा मला. कारण ज्या बाईविषयी सांगायचं आहे, तिने माझं ते पत्र फाडलं नव्हतं. तेव्हा ती पाच-सात वर्षांची असेल, अमरावतीत कुठल्यातरी अंगणवाडीशेजारी खेळत असेल.

नितीन भाऊजींचं लग्न फार उशिरा झालं. पल्लवी आली तेव्हा अठ्ठावीसची होती. सावळी, उंच, बोलताना हात हलवणारी. लॉकडाउन उठला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. लग्नाआधीपासून ती घरबसल्या एका कंपनीचं काम करायची—दवाखान्यांची विम्याची कागदपत्रं तपासायची, साडेनऊ ते साडेसहा. लॅपटॉप, कानाला हेडफोन. लग्न ठरतानाच तिने सांगितलं होतं की काम सोडणार नाही. आणि सासूबाई—ह्याच सासूबाई—म्हणाल्या होत्या, "करू दे ना बापा. जमाना बदलला आता."

जमाना बदलला. कधी बदलला? मला कुणी कळवलं नाही.

पण मी खोटं बोलणार नाही, पल्लवी मला आवडली होती. पहिल्याच आठवड्यात ती खाली आली, रडकुंडीला. वरच्या खोलीत नेट पोचत नव्हतं. खालचं राउटर हॉलमध्ये, मध्ये जाड स्लॅब. कंपनीचा नियम कडक—रोग्यांची कागदं असतात, म्हणून मोबाइलच्या नेटवरून काम करायचं नाही, घरची नोंदवलेली जोडणीच हवी. भाऊजी म्हणाले, पाहू उद्या कोणाले तरी बोलावू. मी म्हटलं, मी बघते.

सगळे हसले. ती नाही हसली.

मी बाजारातून ॲक्सेस पॉइंट आणला. चपटा पांढरा डबा, खालून तार नेऊन वर लावायचा, की वरच्या मजल्याला त्याचं वेगळं वायफाय मिळतं. माझ्या डिप्लोम्याच्या वेळी असलं काही नव्हतं. पण डब्यातला कागद वाचला, मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले, आणि तुम्हाला काय सांगू—हात आपोआप चालू लागले. तार ओढली, टोकाला जोड बसवला. मोबाइलवर त्या डब्याचं आतलं, सेटिंगचं पान उघडलं. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला. वायफायला नाव दिलं. चोरता येणार नाही अशी कुलपाची पद्धत निवडली. आणि मागच्या घरातले भाडेकरू आमचंच नेट वापरायचे हे माहीत होतं, म्हणून शेवटी आणखी एक गोष्ट केली: यादी चालू केली. प्रत्येक फोनला, लॅपटॉपला स्वतःचा एक बारा अक्षरांचा पत्ता असतो. तो यादीत असेल तरच डबा त्याला आत घेतो. पासवर्ड माहीत असला तरी यादीत नसेल तर दार बंद. मी चार पत्ते लिहिले, प्रत्येकापुढे खूण केली. भाऊजींचा फोन, पल्लवीचा फोन, पल्लवीचा लॅपटॉप, माझा फोन. कंपनीत पल्लवीने हेच वरचं वायफाय नोंदवलं; खालच्यावरून तिचं काम चालत नव्हतं.

स्टुलावरून उतरले तेव्हा पल्लवी टाळ्या वाजवत होती. "ताई, तुमाले हे सगळं येते? मंग तुमी घरात काहून बसल्या?"

निरागसपणे विचारलं तिने. मी म्हटलं, असंच. पण त्या दिवशी भाजी चिरताना मी गुणगुणत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं होतं. त्या डब्याच्या आतल्या पानाचा पासवर्ड मी कुणाला सांगितला नाही. कुणी विचारलाही नाही.

दोन महिने चांगले गेले.

मग एप्रिल आला. अकोल्याचा एप्रिल—त्याबद्दल काय सांगायचं. मी कूलरमध्ये पाणी भरत होते, आणि पाहिलं तर सासूबाई जिना चढत होत्या. त्यांचे गुडघे गेलेले. स्वतःच्या औषधाला त्या मला हाक मारायच्या, उठायच्या नाहीत. एका हाताने कठडा धरलेला, दुसऱ्या हातात कप, वर बशी झाकलेली. एकेक पायरी. पल्लवीसाठी चहा नेत होत्या.

मी म्हटलं, "आई, मी नेते."

"राहू दे. तिचं काम चालू आहे, आवाज नको करू."

मी बादली खाली ठेवली. हळूच ठेवली, आवाज होऊ नये म्हणून.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या बहिणीकडचे लोक बाळापूरहून आले होते. सासूबाईंनी ओळख करून दिली. ही धाकटी सून, कंपनीत कामाले आहे, इंग्रजीत बोलते. आणि ही संध्या—ही घरचं पाह्यते. पाहुणे माझ्याकडे बघून हसले, जसं आपण चहा आणणाऱ्याकडे बघून हसतो. मी चहाच आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी स्वयंपाकघरात होते. कुकर लावलेला. फोन ओट्यावर. मी तो उचलला आणि डब्याचं आतलं पान उघडलं. खरं म्हणजे खालूनही ते उघडत होतं. यादी काढली. पल्लवीचा लॅपटॉप—त्याच्यापुढची खूण काढली. 'जतन करा' दाबलं.

हे मी केलं. असं अचानक लिहून टाकलं, कारण लांबवलं तर लिहिणारच नाही. आमच्याकडचं नेट जात नव्हतं. मी घालवत होते.

का केलं? त्या क्षणी मी काही ठरवलं होतं का? नाही—पण "नाही" म्हटलं तरी काय बदलतं? बोट माझंच होतं.

अकरा मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होते. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, मग जिना. "ताई! नेट गेलं! पाहा ना जरा, मायं काम अडकलं!" मी ओले हात पुसले, वर गेले, स्टुलावर चढले, डब्याची पिन काढली, लावली. मध्ये जिन्यातच खूण परत केली होती. "बघ आता." आलं. तिने माझा हात धरला. "ताई, तुमी नसत्या तं मायं काही खरं नव्हतं."

आता खरी घाण इथं आहे. मला वाटलं होतं तिला त्रास देऊन बरं वाटेल. बरं त्याने वाटलं नाही. ती मला बोलवायला आली, त्याने वाटलं. जिन्यावरून धावत आली, ताई ताई करत. त्या घरात मला हाका रोज पडायच्या—भाजीसाठी, औषधासाठी, टॉवेलसाठी. ही हाक वेगळी होती. ही हाक मला पुन्हा हवी होती.

मग आठवड्यातून एकदा. मग दोनदा. कधी सात मिनिटं, कधी वीस. भाऊजी चिडायचे, पल्लवी घाबरायची, आणि मी स्टुलावर चढायचे. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, संध्याले त्यातलं समजते बरं का. बघा, हेही मिळालं मला.

पल्लवीच्या कंपनीत कुणीतरी एक मॅडम होत्या. पल्लवीच्या नावापुढे एक हिरवा ठिपका असायचा. जोडणी तुटली की तो विझायचा आणि किती वेळ विझला त्याची नोंद व्हायची. हे तिनेच मला सांगितलं, जेवताना, घास हातात धरून. "मॅडम म्हनल्या, असंच चाललं तं कसं होईन?" मी तिला कढी वाढली. म्हटलं, नको गं काळजी करू, मी आहे ना.

मी आहे ना. हे शब्द माझे आहेत.

शेवटी भाऊजींनी केबलवाल्यांच्या माणसाला बोलावलं. तो आला, खालचं राउटर पाहिलं, म्हणाला लाइन एकदम बरोबर आहे. वर गेला. डबा पाहिला. "हा कोणी सेट केला?" पल्लवी अभिमानाने म्हणाली, "आमच्या ताईनं." तो म्हणाला, "याचा आतला पासवर्ड सांगा, मॅडम. एकदा पाहून घेतो, काय सेटिंग केली ते."

त्या डब्यात नोंद राहते—कधी, कुठल्या फोनवरून काय बदललं. मी म्हटलं, विसरले. तो म्हणाला, मग पूर्ण पुसून नव्याने करावं लागेल. मी म्हटलं, तुम्ही कशाला, मीच करते. तो गेल्यावर मी मागच्या भोकात पिन दाबून डबा पुसला. सगळ्या नोंदी गेल्या. पुन्हा नाव, पुन्हा कुलूप, पुन्हा यादी, पुन्हा चार पत्ते.

यादी पुन्हा चालू करायची गरज नव्हती. भाडेकरू केव्हाच घर सोडून गेले होते.

त्यानंतर तीन आठवडे मी हात लावला नाही. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही, उलट. कारण तीन आठवडे मला थांबता येत होतं, याचा अर्थ पुढचं जे केलं ते नकळत नाही केलं. त्या तीन आठवड्यांत पल्लवी फुलली. मॅडमनी तिला सांगितलं, एक परीक्षा द्या, ऑनलाइन, चाळीस मिनिटांची. त्यात निघालात तर कायम करू, आणि पुढे गटाची जबाबदारीही. घरात तेच चाललं होतं. ती मधल्या वेळेत पाठ करत बसायची. मला मात्र हाक मारायची तिला गरजच पडत नव्हती.

परीक्षेचा दिवस. बुधवार होता. बाराला सुरू होणार. साडेअकराला सासूबाई म्हणाल्या, "तिचं ताट वर नेऊन दे व संध्या. ती खाली नाही येनार, आज पेपर आहे तिचा."

मी ताट वाढलं. भाकर, वांग्याची भाजी, कांदा, ठेचा. वर नेलं. पल्लवी हेडफोन लावून कुणाशी बोलत होती, परीक्षेआधीची काही तपासणी चालली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बोटाने टेबलाचा कोपरा दाखवला. तिथं ठेवा, असं. उद्धटपणा नव्हता त्यात. बोलणं चालू असताना कुणीही तसंच करेल. मीही केलं असतं.

मी ताट तिथं ठेवलं. ते बोट मात्र मनातून जाईना. जिना उतरले. स्वयंपाकघरात आले. यादी उघडली, खूण काढली, 'जतन करा' दाबलं. मग तिच्या फोनचीही काढली. मग भाऊजींच्या फोनचीही. अकरा पन्नास झाले होते.

आणि या वेळी मी घरात थांबले नाही. पिशवी घेतली, सासूबाईंना म्हटलं भाजी आणते, आणि निघाले. का निघाले, तेही सांगते. डब्याचं पान फक्त घरातल्या वायफायवरून उघडतं. बाहेर गेल्यावर मला इच्छा झाली असती तरी ते परत चालू करता आलं नसतं. इच्छा होईल अशी मला भीती वाटत होती. म्हणून मी इच्छेलाच घराबाहेर घेऊन गेले.

बाजारात ऊन नुसतं भाजत होतं. मी टमाटे निवडत होते. पिशवीत फोन थरथरला. पल्लवी. मी बघितला आणि परत ठेवला. पुन्हा थरथरला. भाजीवाली म्हणाली, "बाई, फोन वाजून राह्यला तुमचा." मी म्हटलं, असू दे. ती म्हणाली, अर्जंट असन एखादा. मी म्हटलं, कंपनीवाल्यांचे येतात, घ्या घ्या म्हणून. ती हसली. मीही हसले. नऊ वेळा वाजला. मी मोजले. मेथी घेतली, कोथिंबीर घेतली, लिंबं एकेक दाबून पाहिली. रसवंतीवर जाऊन रस प्याले, बर्फ न घालता, सावकाश.

एक वाजता घराकडे आले. फाटकाशी थांबले. तिथं वायफाय पकडतं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिन्ही खुणा परत केल्या. मग आत गेले.

पल्लवी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. सासूबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या. "ताई, फोन काहून नाही उचलला?" मी म्हटलं, पिशवीत होता गं, ऐकूच आला नाही, काय झालं? तिने सांगितलं. मी वर गेले. स्टूल ओढलं नाही, डब्याला हातही लावला नाही. लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि म्हटलं, "चालू तर आहे की, पल्लवी. हे बघ."

ती बघत राहिली. "आत्ता तं नव्हतं. मी सगळं करून पाह्यलं. बंद केला, चालू केला..." मग तिचा आवाज बारीक होत गेला. "आत्ता तं नव्हतं, ताई."

दुपारी भाऊजी जेवायला आले. ऐकून घेतलं, वर जाऊन स्वतः पाहिलं, खाली येऊन म्हणाले, "चालून राह्यलं चांगलं. घाबरून तूच काही दाबलं असन." आणि पल्लवीने—हे मी डोळ्यांनी पाहिलं—मान हलवली. असेल, म्हणाली. माझ्याच हातून काही झालं असेल.

मी समोर बसले होते. भाकरी वाढत होते.

मॅडमनी दुसरी संधी दिली नाही. आधीच्या नोंदी होत्याच, महिन्याभरात काम सुटलं. लॅपटॉप कंपनीचा होता. तो खोक्यात घालून चिकटपट्टी लावायला पल्लवीने मलाच बोलावलं. मी पट्टी लावली. साफ लावली, एकही सुरकुती नाही.

त्यानंतर ती खाली आली. म्हणजे खोली वरच राहिली, पण ती खाली आली—स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी. सुरुवातीला जाहिराती बघायची. एकदा अमरावतीच्या मैत्रिणीने दुसऱ्या कंपनीत विचारून ठेवलं, तर फोनवर हिने स्वतःच सांगितलं, आमच्या घरी नेट टिकत नाही गं, आणि मायाच्यानं होतही नाही. पूर्वी बोलताना हात हलायचे तिचे. ते कधी थांबले, माझ्या लक्षात आलं नाही. भाऊजी पाहुण्यांत गंमत सांगतात, आमच्या हिनं ऐन पेपरात बटण दाबून नेट घालवलं. सगळे हसतात. तीही हसते. आणि मग माझ्याकडे हात करून म्हणते, "ताईनं किती धडपड केली मायासाठी. दरवेळी स्टुलावर चढायच्या." माझ्या तोंडावर म्हणते हे, दरवेळी. मी तिला कधी थांबवलं नाही. थांबवून काय सांगणार होते?

आता तिला मुलगी आहे, दोन वर्षांची. सासूबाई गेल्या. घर आम्हा दोघींवर आहे, आणि आमचं पटतं. आळीतल्या बाया म्हणतात, जावा असाव्या तर अशा.

याच थंडीतली गोष्ट. दुपारी आम्ही दोघी मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. मुलगी झोपली होती. पल्लवीचा फोन वाजला. तीच मैत्रीण, तिने मागे विचारून ठेवलेली तीच कंपनी, पुन्हा माणसं घेताहेत. पल्लवी म्हणाली, विचार करून सांगते. फोन ठेवला. शेंगांचा ढीग तसाच. मग मान वर केली आणि मला सरळ विचारलं,

"ताई, खरं सांगा. मले जमन काय?"

तिला काय ऐकायचं होतं ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी एक शब्द बोलायचा होता. जुनं काही कबूल करायचं नव्हतं, डब्याचं नाव काढायचं नव्हतं, कुणाला काही कळलं नसतं. नुसतं "हो" म्हणायचं होतं.

भीतीने बोलू शकले नाही असं इथं लिहिता आलं असतं. पण भीती नव्हती. राग नव्हता. सासूबाई नव्हत्या, जिना नव्हता, बोट नव्हतं. ऊन छान होतं. मला फक्त असं वाटलं की ती वर गेली तर दुपारी या अंगणात मी एकटी बसेन.

मी म्हटलं, "नाही गं. तुझ्याने नाही व्हायचं ते."

"हो ना," ती म्हणाली. तिने फोन उलटा करून ठेवला आणि शेंगांची टोपली जवळ ओढली.